विषयावरून नाटक उभं करताय? या चुका टाळा

परवा कोपरखैरण्यात कॉलेजच्या मुलांची तालीम बघायला गेले होते. लेखक नाही, संहिता नाही. 'माथाडी कामगार' एवढा विषय घेऊन सगळे मिळून एकांकिका रचत होते. दहा जण ओळीत उभे राहिले, कडेच्या मुलाने डफावर थाप मारली आणि सगळे एका सुरात ओरडले, "शोषण! शोषण!" संपल्यावर मी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाच्या घरात गोणी उचलणारं कुणी आहे का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग डफवाला म्हणाला, "मॅडम, बाबा आहेत ना. कांदा-बटाटा मार्केटला."

तीन आठवडे तो डफ वाजवत होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

विषय मोबाइलवर शोधायचा आणि शेजारी बसलेल्याला विसरायचं, ही चूक सगळ्यात महागात पडते. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला, तिथे वस्तीतली मुलं आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटिका रचायची. आपल्याकडे मात्र ज्याला माहीत असतं तो विंगेत आणि ज्याचा आवाज मोठा तो मध्यभागी. पहिल्या दिवशी गोल बसा. प्रत्येकाने विषयाशी आपला काय संबंध ते दोन मिनिटांत सांगायचं. 'माझा काहीच संबंध नाही' हेही उत्तर चालतं. त्यातूनच कधी कधी दुसरं पात्र मिळतं.

अख्खा विषय उचलू नका

माथाडी, पाणीटंचाई, बेरोजगारी हे निबंधाचे मथळे झाले. नटाला 'शोषण' करून दाखवता येत नाही, ओझं करून दाखवता येतं. म्हणून त्या दिवशी मी एका घरून दहा किलोची तांदळाची पिशवी मागवली. ती पाठीवर घ्यायची, वाकून खोलीत फेऱ्या मारायच्या आणि चालता चालता एकच वाक्य बोलायचं: "आज लवकर घरी येतो." (खरी गोणी पन्नास किलोची असते. ती तालमीत आणायचा शहाणपणा करू नका, कुणाची तरी पाठ जाईल.)

चौथ्या फेरीला वाक्य तुटायला लागलं. "आज लवकर" इथे श्वास, मग "घरी". वाक्याची ती फेक शिकवून आली नसती. आणि एका मुलीच्या लक्षात आलं की वाकलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा दिसतच नाही, आधी चपला दिसतात. लगेच तो प्रसंग करून पाहिला. बाप ओझं घेऊन येतोय, समोर नवे कोरे स्पोर्ट्स शूज थांबलेत. बाप ते ओळखतो, कारण परवाच पैसे त्यानेच दिलेत. मुलगा मात्र मित्रांसोबत आहे. तो हाक मारणार की बाजूला सरकणार? एकांकिका इथे सुरू झाली.

माहिती पात्राच्या तोंडी कोंबू नका

१९६९चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटलांची चळवळ, मुंबईतून वाशीला हललेला घाऊक बाजार हे सगळं वाचायलाच हवं. पण एक माथाडी दुसऱ्याला "तुला माहीतच आहे की १९६९ साली..." असं सांगू लागला, की प्रेक्षक मोबाइल काढतो. त्याला माहीतच आहे तर सांगतोस कशाला?

माहितीतून पेच काढा. माथाडी टोळीने काम करतात, हे तुम्ही वाचलंत. मग आठ जणांची टोळी घ्या. एकाचा गुडघा गेलाय, त्याच्या वाटचं ओझं बाकीचे महिनाभर ओढतायत. आज चहाच्या वेळी कुणीतरी ते बोलून दाखवणार आहे. कोण? त्या वाचलेल्या ओळीची किंमत इथे वसूल होते, आणि सगळ्यांचा लाडका दुष्ट शेठही लागत नाही. शेठ आणायचाच असेल तर त्यालाही संध्याकाळी घाई असू द्या.

"काल भारी झालं होतं, आज होत नाही"

ही तक्रार प्रत्येक ग्रुपमध्ये ऐकते. दुसऱ्या दिवशी मुलं कालची वाक्यं आठवत बसतात, म्हणून प्रसंग मरतो. वाक्यं नाही, पात्राला काय हवं होतं ते धरून ठेवा. इम्प्रोव्हायझेशनच्या आधी प्रत्येकाच्या कानात वेगळी गोष्ट सांगा: तुला उसने पैसे हवेत, तुला ते विचारायची संधी द्यायची नाहीये. चार मिनिटं, बस. फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याच रात्री एकाने उतरवून काढा. 'नंतर लिहू' म्हणालात की गेलंच ते.

शेवट सुचत नाही म्हणून प्रेक्षकांकडे बोट दाखवून "आता तुम्हीच ठरवा!" म्हणणं ही पळवाट. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्टो बोआल यांच्या फोरम थिएटरचं नाव सांगून ती सर्रास वापरली जाते. तिथे प्रेक्षक खरोखर रंगमंचावर येऊन पात्राची जागा घेतो आणि वेगळं वागून बघतो. त्यासाठी तो प्रसंग नीट बांधलेला असावा लागतो.

संहिता गोठवायची तारीख आधीच ठरवा. जाहीर प्रयोग करायचा तर संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे लेखी संहिता द्यावी लागते, तिथे रेकॉर्डिंग चालत नाही. 'लेखक' म्हणून कुणाचं नाव जाणार, हेही त्याच दिवशी मिटवा. फॉर्म भरताना यावरून मैत्री तुटलेली पाहिली आहे.

आणि ज्याची गोष्ट घेतली त्याला विचारा. वाशीच्या भावे नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत त्याचे काका बसलेले असू शकतात. डफवाल्या मुलाने घरी विचारलं. बाबा म्हणाले, करा, पण गुडघ्याचं माझ्या नावावर नको. बापाची भूमिका करायला मुलाने मात्र साफ नकार दिला, आणि कुणी गळ घातली नाही. आता डफ नाहीच. विंगेत जुनी गादी टाकली आहे. गोणी पडल्याचा आवाज तो तांदळाची पिशवी त्या गादीवर टाकून काढतो, आणि किती उंचीवरून टाकायची ते त्याला कुणी सांगत नाही.