पहिल्या मोकळ्या शनिवारी होलाशोवित्से गाठा

चेक प्रजासत्ताकातल्या चेस्के बुदेयोवित्से शहरात नोकरीला आलात की पहिले दोन आठवडे कागदपत्रांतच जातात. त्यानंतर जो पहिला शनिवार मोकळा मिळेल, त्या दिवशी पश्चिमेला पंधराएक किलोमीटरवरचं होलाशोवित्से बघून या. पर्यटनासाठी नाही. चेक खेडं कसं असतं ते इथे एका नजरेत कळतं, आणि उद्या तुम्ही स्वस्त भाड्यासाठी गावाकडे घर शोधणार, हे मी अनुभवानं सांगतो.

गावाच्या मधोमध लांबट हिरवं पटांगण असतं, त्याला ‘नावेस’ म्हणतात. इथलं साधारण 210 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद आहे. त्यात तळं, आणि 1755 सालचं संत यान नेपोमुत्स्कीचं छोटं चॅपेल. या संताचा पुतळा पुढे पुलापुलावर भेटेल. 1393 मध्ये राजानं त्याला व्लतावा नदीत फेकायला लावलं होतं. डोक्याभोवती पाच तारे दिसले की तोच.

पटांगणाभोवती एकाला एक लागून शेतकऱ्यांची घरं. वर नक्षीदार, रंगीत दर्शनी भिंत, बाजूला कमानीचं मोठं दार, आत अंगण आणि मागे कोठारं. आपल्या वाड्याची आठवण होते, फक्त ओटा नाही. या शैलीला ‘ग्रामीण बरोक’ म्हणतात; बरोक म्हणजे युरोपातली जुनी, नक्षीदार बांधकामाची शैली. दिसायला जुनी वाटली तरी ही रूपं बहुतेक एकोणिसाव्या शतकातली आहेत. गावाची मांडणी मात्र मध्ययुगातली. 1998 पासून गाव युनेस्कोच्या यादीत आहे.

इतिहास थोडा माहीत असू द्या. 1520 ते 1525 दरम्यान प्लेगनं गाव रिकामं केलं. म्हणतात, दोघंच वाचले. मग गाव ज्याच्या मालकीचं होतं त्या ख्रिस्ती मठानं बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून माणसं आणून वसवली, त्यामुळे गाव पुढे शतकानुशतकं जर्मनभाषक राहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या जर्मनांना देशाबाहेर घालवलं आणि कित्येक घरं ओस पडली. समाजवादी काळात इथे नवं काही बांधलं गेलं नाही, म्हणूनच जुनं टिकलं. विचित्रच, पण खरं. 1990 नंतर डागडुजी झाली. आज वस्ती दीडशेच्या आसपास. जर्मनांना घालवल्याचा विषय बिअरच्या टेबलावर आपणहून काढू नका. गावकरी स्वतः बोलले तर ऐका.

आता कामाचं. लहान गावात रस्त्यांना नावं नसतात. पत्ता म्हणजे गावाचं नाव आणि घराचा नंबर, बस. त्यात हे नंबर घरांची नोंद झाली त्या क्रमाने पडलेत, शेजारधर्मानं नाहीत. मी एकदा 13 आणि 15 च्या मध्ये 14 शोधत अर्धा तास फिरलो, आणि ते निघालं गावाच्या दुसऱ्या टोकाला. वाटेत भेटेल त्याला ‘दोब्री देन’, म्हणजे नमस्कार, म्हणा, तोंडओळख नसली तरी. न बोलता गेलात तर नाराजी नक्की. कुणाच्या घरात शिरताना चपला बाहेर काढायच्या, हे सांगायची तुम्हाला गरज नाही.

‘होस्पोदा’ म्हणजे खानावळ आणि चावडी एकत्र. शाकाहाऱ्यांनी ‘स्माझेनी सीर’ मागावं, म्हणजे तळलेलं चीज. दुसरं काही मिळेल याची खात्री मी देत नाही.

दक्षिणेला 1084 मीटर उंचीचा क्लेत्य डोंगर आहे, तिथला फेरफटका दुसऱ्या शनिवारी. आणि शनिवार-रविवारी गावाकडच्या बस तुरळक असतात. जायच्या आधी परतीची वेळ बघून ठेवा.