नवा कायदा आला, वीजबिल किती वाढणार? शोधताना या चुका टाळा

बिल वाढलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला, "सरकारने नवीन कायदा केला वाटतं." मग कोणीतरी कुठल्यातरी विधेयकाची पीडीएफ टाकतं, कोणी ती उघडत नाही, आणि विषय संपतो. मी दोन-तीन वर्षं हे सगळं चिकाटीने वाचतोय, सुरुवातीला भरपूर चुकलो, त्यातून जे कळलं ते सांगतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे विधेयकाच्या शेवटी असलेलं वित्तीय ज्ञापन, म्हणजे सरकारी खर्चाचं टिपण, वाचून निर्धास्त होणं. मीही झालो होतो. तिथे लिहिलेलं असतं की या विधेयकामुळे सरकारी निधीतून खर्च होणार नाही, आणि आपल्याला वाटतं की चला, कोणावर बोजा नाही. पण ते ज्ञापन फक्त सरकारच्या तिजोरीबद्दल असतं हो, तुमच्या-माझ्या बिलाबद्दल नाही! घरगुती ग्राहकाला महिन्याला किती जास्त पडतील हे लिहिण्यासाठी त्यात जागाच नसते. केंद्राने २०१४ मध्ये विधेयकांच्या आधी लोकांशी सल्लामसलत करायचं धोरण आणलं, त्यात मसुदा ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा आणि लोकांच्या जगण्यावर, उपजीविकेवर काय परिणाम होईल याचा अंदाजही द्यायचा असं आहे, पण ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे पाळलं नाही तरी विधेयक अडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक वीज विधेयकासोबत "१०० युनिटच्या घराला इतके, ३०० युनिटच्या घराला इतके" असा तक्ता बंधनकारक पाहिजे. मागायचं तर हे मागा.

दुसरं, फक्त कायदा बघू नका, नियम बघा. ज्ञापनांमध्ये अजून एक असतं, प्रत्यायोजित विधिविधानाचं, म्हणजे कुठल्या गोष्टी सरकार नंतर नियम करून ठरवणार त्याची यादी, आणि खरा परिणाम बहुतेक वेळा तिथूनच येतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने वीज नियमांमध्ये बदल केला आणि इंधन व वीज खरेदीचा वाढीव खर्च दर महिन्याला आपोआप बिलात घ्यायची वाट मोकळी झाली. २०२३ मध्ये तसंच टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वेगळा दर, दिवसा स्वस्त आणि पीक अवरला, म्हणजे जास्त मागणीच्या तासांत, महाग. दोन्ही वेळा संसदेत नवीन कायदा पास झालेला नाही, म्हणून संसदेच्या बातम्या बघत बसलेल्या माणसाला हे कळतच नाही.

आता बिल हातात घ्या, मागची बाजू. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज तारांमधून घरापर्यंत आणायचा खर्च) हे आयोगाच्या दर आदेशातून येतात, म्हणजे वीजदर ठरवणाऱ्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडून. इंधन समायोजन आकार, म्हणजे वर सांगितलेला इंधन आणि वीज खरेदीचा वाढीव खर्च, महिन्यागणिक बदलतो. वीज शुल्क मात्र राज्याच्या २०१६ च्या कायद्याने लागतं आणि ते पैसे राज्य सरकारकडे जातात, घरगुतीला १६ टक्के. चूक इथे होते, लोक दरवाढ बघतात आणि शुल्क विसरतात. आधीच्या सगळ्या आकारांमध्ये मिळून १०० रुपये वाढले तर बिल ११६ ने वाढतं, वरच्या १६ रुपयांसाठी विधानसभेत कोणी हातसुद्धा वर केलेला नसतो. त्यामुळे तक्रार करायच्या आधी मागचं बिल शेजारी ठेवून कुठली ओळ वाढली ते बघा, कारण ओळ वेगळी तर दार वेगळं.

हेडलाइनवर विश्वास ठेवून हिशोब करू नका. २८ मार्च २०२५ ला आयोगाचा दर आदेश आला, सगळीकडे वीज स्वस्त झाल्याच्या बातम्या, काही दिवसांत त्याच आदेशाला स्थगिती, मग २५ जूनला फेरविचाराचा आदेश, १ जुलैपासून लागू. ज्यांनी मार्चची बातमी सेव्ह करून ठेवली ते जुलैत वाद घालत होते. शिवाय "सरासरी इतके टक्के" हा आकडा सगळ्या ग्राहकांचा मिळून असतो, आपला स्लॅब, ०-१०० युनिट की १०१-३००, तो तक्त्यात शोधावा लागतो.

आणि सवलत जाहीर झाली की ती कायमची धरू नका. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ प्रमाणे सरकारला सवलत द्यायची असेल तर तिचे पैसे वीज कंपनीला आधी भरावे लागतात, म्हणजे बजेटमध्ये तरतूद आहे का ते बघणं हाच खरा पुरावा.

शेवटचं, दराच्या अर्जावर आयोगाकडे हरकत नोंदवताना "दरवाढ रद्द करा" एवढंच लिहून पाठवू नका. त्याच कायद्याच्या कलम ६४ मुळे वीज कंपनीला दराचा अर्ज जाहीर करावा लागतो, आणि आयोगाला लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अर्जाचा पान नंबर, तक्त्याचा नंबर, त्यातला आकडा आणि तुमचा प्रश्न असं लिहा, म्हणजे "पान अमुक वर वीज गळती इतकी धरली, मागच्या आदेशात इतकी मान्य होती, फरक ग्राहकाने का भरायचा?" अशा प्रश्नाला कंपनीला नेमकं उत्तर द्यावं लागतं. जाहीर नोटीस पेपरात बारीक अक्षरात येते, मुदत थोडी असते, म्हणून आम्ही सोसायटीत दोघांना तेवढंच काम दिलंय.