पोरांना गणित येतं, शब्द अडतात: घरी काय करता येईल

आमची पोरगी तिसरीत, सेमी इंग्लिश, म्हणजे गणित इंग्रजीतून. परवा आजी तिची वही बघत होती, ४७ अधिक ३८, आजी म्हणाली सात न् आठ पंधरा, पाच मांड, हातचा एक, तर ही स्वतःच्या तळहाताकडे बघायला लागली! ‘कॅरी’ म्हटलं असतं तर लगेच झालं असतं. म्हणजे गणित कच्चं नाहीये, शब्द माहीत नाहीयेत. मग आम्ही घरी जे सुरू केलं ते लिहिते.

चिन्हं तोंडाने वाचून घ्या. अधिक, वजा, गुणिले, भागिले. पोरं ‘पाच बेरीज तीन’ म्हणतात, तिथेच थांबवायचं, पाच अधिक तीन, बेरीज आठ.

हातच्यासाठी एक रुपयाची आणि दहाची नाणी घ्या. सात न् आठ मिळून पंधरा सुट्टे झाले, त्यातले दहा देऊन दहाचं एक नाणं घ्यायचं आणि ते खरंच हातात धरायचं, दशकांची बेरीज करताना त्यात टाकायचं. वजाबाकीत उलटं, ५२ वजा ३७, दोनातून सात जात नाहीत, मग एक दहाचं नाणं मोडायचं, बारा सुट्टे झाले, बारातून सात गेले पाच, आणि दशक उरले चार, त्यातून तीन गेले एक. उत्तर १५. दोन दिवसांत जमलं.

भागाकाराला १७ चिकू पाच जणांत वाटा. १७ भाज्य, ५ भाजक, प्रत्येकी ३ आले तो भागाकार, उरले २ ती बाकी. (भाज्य म्हटलं की आमच्या पोरीला भाजीच आठवते, असू दे, लक्षात तर राहतंय.) घोळ असा की क्रियेलाही भागाकार म्हणायचं आणि उत्तरालाही, हे आधीच सांगून ठेवा.

खरी डोकेदुखी संख्यांच्या नावांची. तेवीस म्हणताना तीन आधी ऐकू येतो म्हणून पोरं ३२ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशी फोड आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मला विचाराल तर पायरी म्हणून ती चांगलीच आहे, पण भाजीवाला तेवीसच म्हणणार, त्यामुळे दोन्ही आलं पाहिजे. आणि ते एकोण! आमची ‘एकोणतीस’ला ‘एकूण तीस’ समजून ३० लिहायची. एकोण म्हणजे एक ऊन, एकाने कमी, हे कळल्यावर एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ सगळे एकदम सुटले. फक्त ८९ ला एकोणनव्वद असलं तरी ९९ ला एकोणशंभर नाही, नव्व्याण्णव, ते पाठच करायचं.

पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे वहीत शिकवू नका, दुकानात न्या. साडे तीनपासून सुरू होतं, साडेएक, साडेदोन नसतं, त्याजागी दीड आणि अडीच. सव्वातीन म्हणजे तीनावर पाव, पावणेतीन म्हणजे तिनाला पाव कमी. दीडशे ग्रॅम खोबरं, अडीचशे ग्रॅम रवा असं तिलाच मागायला लावा, वजनकाट्यावरचा आकडा तिलाच वाचू दे. घड्याळाचं काम यात आपोआप होतं.

शाब्दिक उदाहरणांत ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसलं की भागाकार असा तक्ता पाठ करून घेतात काही जण, मला अजिबात पटत नाही. ‘मीनाकडे १२ गोट्या आहेत, त्या राजूपेक्षा ४ ने जास्त आहेत, तर राजूकडे किती?’ ‘जास्त’ बघून पोरगी खुशाल १६ लिहून मोकळी. मग खऱ्या गोट्या काढल्या, आधी विचारलं जास्त कोणाकडे, मीनाकडे, मग राजूकडे कमी का जास्त, कमी, हां मग आता कर. तेवढ्यात तिने स्वतःच १६ खोडून ८ केलं. ‘चारने जास्त’ आणि ‘चौपट’ यात मात्र अजून गोंधळ चालू आहे, गोट्या बाहेरच ठेवल्यात.