संगणकावर चौकडीचे कापड विणताना

वस्त्रसंकल्पनाच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलामुलींची कामे पाहताना एक गोष्ट मला वारंवार जाणवते. कापडासारखे दिसणारे चित्र हवे असले की ते आधी रंगीत पट्टे काढतात आणि मग त्यांवर एखादा तयार फिल्टर लावून खरखरीत पोत आणतात. लांबून ते बरे दिसते, पण कापड ओळखणाऱ्या माणसाला त्यात धागा सापडत नाही. माझा अनुभव असा की, विणीची जुजबी माहिती करून घेऊन एक पिक्सेल म्हणजे एक धागा असे मानून काम केले, तर कुठल्याही फिल्टरशिवाय खऱ्या कापडाचा आभास निर्माण होतो. त्यासाठी फोटोशॉपच हवे असे नाही. विनामूल्य मिळणाऱ्या गिंपमध्येही हे सारे करता येते.

ट्विल विणीचा, म्हणजे तिरक्या रेघांच्या विणीचा, चौकडा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. प्रथम चार बाय चार पिक्सेलची एक इवलीशी फाइल तयार करावी आणि ती पडद्यावर झूमने मोठी करून पाहत, ब्रशने नव्हे तर पेन्सिलने भरावी, कारण ब्रशच्या कडा पुसट होतात. पहिल्या ओळीत दोन काळे आणि दोन पांढरे पिक्सेल भरावेत. पुढच्या प्रत्येक ओळीत हीच मांडणी एकेका घराने उजवीकडे सरकवावी आणि उजवीकडून बाहेर पडणारा पिक्सेल डावीकडे आणावा. चौथी ओळ पूर्ण होताच तिरकी रेघ स्पष्ट दिसू लागते. फोटोशॉपमध्ये ‘डिफाइन पॅटर्न’ वापरून हा तुकडा जतन करता येतो, तर गिंपमध्ये तो नुसता कॉपी केला तरी पॅटर्नच्या यादीत क्लिपबोर्डच्या नावाने उपलब्ध होतो.

आता ९६ बाय ९६ पिक्सेलची दुसरी फाइल घ्यावी आणि उभ्या पट्ट्यांचा एक लेयर (थर) करावा: ४० धागे निळे, ८ पांढरे, पुन्हा ४० निळे आणि ८ लाल. हा झाला ताणा, म्हणजे कापडातले उभे धागे. त्याची प्रत काढून ती ९० अंशांत फिरवली की बाणा, म्हणजे आडवे धागे, तयार होतो. वरच्या लेयरला, म्हणजे बाण्याला, मास्क लावून तो मघाच्या चार पिक्सेलच्या नमुन्याने भरावा. मास्कमध्ये जिथे पांढरे आहे तिथे आडवा धागा वर येतो आणि जिथे काळे आहे तिथे खालचा उभा धागा दिसतो. मागावर धागे वर-खाली होतात तेच येथे घडते. निळा आणि लाल पट्टा एकमेकांना छेदतो तिथे जांभळट छटा दिसते, पण आपण जांभळा रंग कुठेच भरलेला नसतो. धाग्यांची एकूण संख्या चाराने भागली जाईल याची मात्र काळजी घ्यावी, अन्यथा तुकडा शेजारी शेजारी मांडल्यावर सांध्यापाशी विणीची तिरकी रेघ तुटते.

निळ्यावर निळा येतो तिथे वीण दिसेनाशी होते, हा या पद्धतीतला खरा पेच आहे. प्रत्यक्ष कापडात धाग्यांच्या बारीक सावल्यांमुळे तिथेही तिरक्या रेघा जाणवतात. म्हणून बाण्याचा लेयर किंचित गडद करावा. तो किती गडद करायचा हे पडद्याकडे पाहून ठरवण्यापेक्षा, घरातला चौकडीचा शर्ट खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली पाहिला तर लवकर उमगते.

याच रीतीने दोन बाय दोन पिक्सेलचा, बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना घेतला की साधी वीण मिळते. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा ठेवल्यास पैठणीत आढळणाऱ्या धूपछाव रंगछटेचा पाया तयार होतो. मात्र साडीची घडी हलली की रंग पालटतो, ही तिची खरी जादू सपाट चित्रात उतरत नाही. ती दाखवायची असेल तर चुणीच्या एका बाजूला ताण्याचा आणि दुसऱ्या बाजूला बाण्याचा रंग थोडा वाढवावा लागतो.

चित्र मोठे करताना बहुतेकांचे काम बिघडते. फोटोशॉपमध्ये ‘निअरेस्ट नेबर’ आणि गिंपमध्ये ‘नन’ हा पर्याय निवडून पूर्ण पटीतच वाढ करावी. समजा, कापडात इंचाला ६० धागे दाखवायचे आहेत आणि छपाई ३०० पीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल अशी, आहे. तर प्रत्येक धाग्याला ५ पिक्सेल मिळतात, म्हणजे चित्र पाचपट करावे. आपला ९६ धाग्यांचा तुकडा ४८० पिक्सेलचा होतो आणि कागदावर १.६ इंच भरतो. तपासणी १०० टक्के आकारावरच करावी, कारण लहान करून पाहिल्यास कापडात नसलेल्या लाटा दिसतात. फाइल पीएनजीमध्ये ठेवावी. जेपीईजीमध्ये धाग्यांच्या कडा गढूळ होतात.

बुट्ट्यांच्या छापील कापडाचे तंत्र वेगळे आहे. तिथे ‘ऑफसेट’ने चित्र निम्मे सरकवून मधोमध आलेले सांधे बुजवायचे असतात, आणि स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्क्रीन (छपाईची जाळी) लागत असल्याने रंग मोजून वापरावे लागतात.

नोकरीसाठी कामांचा संग्रह तयार करताना प्रत्येक नमुन्याखाली पट्ट्यांचा धागेनिहाय हिशेब अवश्य लिहावा. नुसत्या सुंदर चित्रावरून मागावर कापड चढत नाही, पण त्या हिशेबावरून ताणा भरता येतो. शक्य असेल त्यांनी इचलकरंजी किंवा भिवंडीतल्या एखाद्या कारखान्यात परवानगी घेऊन यंत्रमागाशेजारी काही वेळ उभे राहावे आणि आपला हिशेब तिथल्या जाणत्या कारागिराला दाखवावा.