बंद कारखान्यांचे छायाचित्रण करताना या चुका टाळा

गोव्यात बंद पडलेल्या कारखान्यांची आणि खाणींची छायाचित्रे काढणारे बहुतेक हौशी छायाचित्रकार गंज, वेली आणि फुटक्या पत्र्यातून येणारा कवडसा एवढेच टिपून घरी परततात. ही चित्रे सुरेख असतात. मात्र उद्या त्या जागी नवी वसाहत उभी राहिली, तर तिथे पूर्वी काय चालत होते हे त्यांवरून कोणालाही सांगता येत नाही. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

धारबांदोड्याजवळ दयानंदनगरातील संजीवनी सहकारी साखर कारखान्याचे उदाहरण घ्यावे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात मुहूर्तमेढ झालेल्या, गोव्यातील या एकमेव साखर कारखान्याचे गाळप काही वर्षांपूर्वी थांबले आणि त्यानंतर तिथे इथेनॉल प्रकल्प उभारण्याची चर्चा वारंवार होत राहिली. अशा जागी मन मानेल तसे न फिरता ऊस ज्या वाटेने जात होता त्याच वाटेने, म्हणजे वजनकाटा, गव्हाण (ऊस टाकण्याची जागा), चरक, रस आटवण्याची पात्रे, बॉयलर, धुराडे आणि मळीच्या टाक्या या क्रमाने चित्रे घ्यावीत. प्रत्येक टप्प्यावर एक दुरून, एक मधल्या अंतरावरून आणि एक यंत्रावरील उत्पादकाच्या नावाच्या पट्टीचे, अशी किमान तीन चित्रे असावीत. शेजारी मोजपट्टी ठेवल्यास आकाराचा अंदाज येतो. कोणत्या झडपेचे काम काय, हे तिथे पूर्वी राबलेल्या कामगारालाच ठाऊक असते, म्हणून शक्य असल्यास त्याला सोबत न्यावे.

परवानगीच्या बाबतीत रखवालदाराचा होकार पुरेसा मानला जातो, ते बरोबर नाही. जागा ओस दिसली तरी तिला मालक असतो. बेकायदा प्रवेश भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली येऊ शकतो, त्यामुळे व्यवस्थापनाकडून लेखी परवानगी घेऊनच आत जावे. खाणींचे तर आणखी वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये गोव्यातील 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर सुन्या पडलेल्या जागांपैकी काहींचे पुढे लिलाव झाले, त्यामुळे गेल्या वर्षी निर्मनुष्य असलेल्या खाणीत या वर्षी यंत्रे फिरत असू शकतात. पाण्याने भरलेल्या खंदकाचा काठ वरून कितीही भक्कम दिसला तरी पावसाळ्यात तो ढासळतो. जून ते सप्टेंबर या काळात काठाजवळ किंवा डंपच्या, म्हणजे खाणीतील टाकाऊ मातीच्या ढिगाच्या, उतारावर जाऊच नये.

कारखान्याच्या आतील धोके डोळ्यांना सहज दिसत नाहीत. जुन्या छपरांचे सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. त्यांवर पाय देऊ नये आणि फुटलेले तुकडे हाताळू नयेत. बुरशी आलेल्या चिपाडाची धूळ फुप्फुसांना अपाय करते. मळीच्या टाकीत किंवा भूमिगत कुंडात प्राणवायू कमी आणि विषारी वायू जास्त असू शकतो, म्हणून झाकण उघडे दिसले तरी डोके आत घालू नये. जांभ्याच्या चिरांत फुरसे दडून बसते. जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट घालावेत. एकट्याने जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

चित्रे बिघडण्याची कारणे बहुधा गोव्याच्या हवेत सापडतात. वातानुकूलित गाडीतून उतरून दमट शेडमध्ये कॅमेरा काढला, की काचेवर बाष्प जमते आणि पुसून पुसून ओरखडे पडतात. त्याऐवजी बंद पिशवीत अर्धा तास ठेवून तो बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. लाल धुळीत भिंग बदलणे टाळावे. छपरातून येणारे ऊन आणि खालचा काळोख एकाच चित्रात बसत नसल्यास तिपाईवरून वेगवेगळ्या प्रकाशमानाची तीन चित्रे घेऊन नंतर जोडावीत. धुराडे मागे कललेले दिसत असल्यास कॅमेरा वर न कलवता समतल धरून मागे सरकावे, मग वरचा भाग कापला जात नाही. ड्रोनची घाई करू नये: दाबोळी आणि मोप येथील विमानतळांभोवती मोठा परिसर निर्बंधित आहे, तेव्हा ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशावर जागा तपासूनच उड्डाण करावे.

चित्रांसोबत अचूक स्थान जाहीर करू नये. भंगार चोरणाऱ्यांना याहून सोपा पत्ता दुसरा नसतो. मात्र स्वतःच्या नोंदवहीत स्थान, दिशा आणि तारीख लिहावीच. जमिनीच्या झोन बदलाची, म्हणजे तिचा ठरलेला वापर बदलण्याची, जाहीर सूचना निघाल्यावर हरकतीसाठी मिळणारी मुदत थोडी असते, आणि त्या वेळी तारखेसह असलेले चित्र सुंदर चित्राहून जास्त उपयोगी पडते. माझ्या कॅमेऱ्याचे घड्याळ एकदा साडेपाच तास मागे राहिले आणि सकाळची सर्व चित्रे पहाटेची ठरली. तेव्हापासून प्रत्येक फेरीतील पहिले चित्र मी मोबाइलच्या घड्याळाचे काढतो, म्हणजे फरक नंतर दुरुस्त करता येतो.