सूर्य मावळला, पण वर नाही

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी दूर-अतिनील एअरग्लो, म्हणजे खूप उंचावरच्या हवेतून आपोआप निघणारी चमक, घेतला तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे रात्री गच्चीवर बसणार?" डोंबिवलीच्या गच्चीवरून काय दिसणार म्हणा! आणि ही चमक तर जमिनीवरून कुठूनच दिसत नाही. 200 नॅनोमीटरखालच्या तरंगलांबीचा प्रकाश ऑक्सिजनच गिळतो, त्याच्या वरचा बराचसा ओझोन. त्यामुळे सगळं काम उपग्रहाच्या डेटावर, म्हणजे लॅपटॉपवर.

माझ्याकडे नासाच्या टाइम्ड उपग्रहावरच्या गुव्ही या अतिनील प्रकाश टिपणाऱ्या उपकरणाचा 2002 सालचा डेटा होता. हवी होती 135.6 नॅनोमीटरची रेषा, म्हणजे नेमक्या त्या तरंगलांबीचा प्रकाश. रात्री ऑक्सिजनचे आयन आणि इलेक्ट्रॉन परत एकत्र येतात, त्यातून ती निघते. इलेक्ट्रॉन दुप्पट झाले तर चमक साधारण चौपट. मुंबईच्या थोडं उत्तरेला, अहमदाबादच्या आसपास, संध्याकाळनंतर इलेक्ट्रॉनांची दाटी असते. भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाणाऱ्या चुंबकीय विषुववृत्तावरून वर उचललेले विद्युतभारित कण तिथे उतरतात.

तर, माझ्या ग्राफमध्ये ती चमक रोज थोडी थोडी वाढत होती. मी खूश! गाइडना प्रिंट दाखवली. त्यांनी एकच विचारलं, "रात्र कशी ठरवलीस?"

मुंबईच्या सूर्यास्तावरून, दुसरं काय.

त्यांनी प्रिंटच्या पाठीवर एक वर्तुळ काढलं, वर 300 किलोमीटरवर, जिथून ही चमक येते तिथे, टिंब दिलं, आणि वर्तुळाला घासून जाणारी रेष ओढली. आपल्याकडे दिवे लागले तरी त्या टिंबावर पुढे तासभर ऊन असतं, आणि उन्हात ही चमक वाढतेच. त्यात हा उपग्रह रोज सुमारे 12 मिनिटं आधीच्या स्थानिक वेळेला येतो. म्हणजे मी रोज थोडा थोडा उन्हाकडे सरकत होतो आणि त्यालाच शोध समजत होतो. दोन महिन्यांचं काम पाण्यात.

या विषयात येणार असाल तर पायथॉन येईलच, त्याचं फार टेन्शन घेऊ नका. गोलीय भूमिती मात्र आधी घोटा. फाइल उघडली की पहिला कॉलम सूर्याच्या कोनाचा काढा, आणि तो जमिनीवरचा आहे की चमकीच्या उंचीवरचा, हे डेटाच्या माहितीपत्रकात वाचा. मी ते पत्रक लोकलमध्ये उभ्याने चाळलं होतं, नेमकं तेच पान सोडून.

नवा ग्राफ निघाला तेव्हा अर्धे दिवस गळले होते. अहमदाबादकडचा पट्टा मात्र होता, फिका, पण जागच्या जागी.