कम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी लोन काढताय? आधी वही घ्या आणि हा हिशोब मांडा

आमच्या गोव्यात दरवर्षी बारावीचा निकाल लागला की तेच सुरू होतं, कम्प्युटरला सीट मिळाली ना मग घे लोन, नोकरी लागली की फिटेल दोन वर्षांत. हे सांगणारे काका बहुतेक सरकारी नोकरीतून रिटायर झालेले असतात, त्यांनी कधी एज्युकेशन लोन काढलेलं नसतं. मी काढलं होतं म्हणून सांगतोय.

पहिली गोष्ट, फी म्हणजे कर्ज नाही. समजा वर्षाला 2 लाख असे चार वर्षांत 8 लाख उचलले, व्याज 10 टक्के. कोर्स चालू असताना आणि नंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, त्याला मोरेटोरियम म्हणतात. मला वाटलेलं हप्ता नाही म्हणजे व्याज पण नाही, आणि बँकेतल्या माणसाने पण काही समजावलं नाही, नुसत्या सह्या घेतल्या. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं हो! पहिल्या वर्षाच्या 2 लाखांवर पाच वर्षांचं 1 लाख, दुसऱ्यावर 80 हजार, मग 60, मग 40, म्हणजे हप्ता सुरू होईपर्यंत 8 चे 10 लाख 80 हजार झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण 14,300. पंधरा वर्षं घेतली तर 11,600 वर येतो आणि बरं वाटतं, पण एकूण भरणा 17 लाखांवरून जवळजवळ 21 लाखांवर जातो.

आता पगार. कॉलेजच्या बॅनरवर जो मोठ्ठा आकडा असतो ना, तो एकाच मुलाचा असतो. प्लेसमेंट सेलला विचारायचं की एकूण किती मुलं होती, किती जणांना नोकरी लागली आणि पगाराच्या क्रमाने लावलं तर मधल्या मुलाला काय मिळालं. सरासरी नको, एका मुलाच्या 30 लाखांनी सरासरी फुगते, मीडियन विचारा, म्हणजे त्या मधल्या मुलाचा आकडा. त्यांनी टाळाटाळ केली तर सरळ पास होऊन गेलेल्या सीनियर्सना गाठा, गणेश चवथीला गावात येतातच सगळे.

मोठ्या आयटी सर्व्हिस कंपन्यांचं फ्रेशर पॅकेज बरीच वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच अडकलंय. त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स जाऊन हातात महिन्याला 25 हजार धरा. पुण्याला किंवा बंगळुरूला गेलात तर पीजी आणि जेवण यातच निम्मे संपतात, वर 14,300 चा हप्ता म्हणजे घरून पैसे मागवायची पाळी. गोव्यात राहून पर्वरी, वेर्णाकडे काम मिळालं तर भाडं वाचतं, पण इथे जागा कमी, हे मान्य करूनच हिशोब करायचा. आणि ऑफर लेटर आलं म्हणजे जॉइनिंग झालं असं नाही, कधी कधी महिनोन्महिने लटकवतात आणि मोरेटोरियमचं ते एक वर्ष तेवढ्यात सरतं.

म्हणून मी उलटा हिशोब करायला सांगतो. हप्ता हातातल्या पगाराच्या एक तृतीयांशच्या वर नको. 25 हजारांत 8 हजार. दहा वर्षांच्या हप्त्याने मागे जात गेलं तर चार वर्षांत मिळून साडेचार लाखांच्या आसपास कर्ज झेपतं. माझ्या मते खाजगी कॉलेजातल्या मधल्या मुलासाठी ही खरी मर्यादा, त्याच्या वर जायचं तर काहीतरी ठोस कारण पाहिजे. 20 लाखांच्या वर फी जाणारं झुआरीनगरचं बिट्स पिलानीचं कॉलेज घ्यायचं असेल तर तिथल्या मुलांचे पगार वेगळे, तो हिशोब तिथल्या मीडियनवर करा, आपल्या कॉलेजच्या नाही.

साडेचार लाखांत बसवायचं कसं? फर्मागुडीचं सरकारी कॉलेज मिळत असेल तर दुसरा विचारच नको. घरून जाऊन येऊन करा, डिचोलीहून बस बदलत जाताना जीव जातो, पण रूमचे चार वर्षांचे पैसे वाचतात. मार्क कमी असले तर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला घुसायचं, किंवा बीसीए करून ताळगावला गोवा विद्यापीठात एमसीए, हा रस्ता लोक उगाच हलका समजतात.

कर्ज काढायचंच तर आधी गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज बघा, बँक नंतर. फरक केवढा आहे बघा, पहिल्या वर्षी बँकेतून उचललेल्या 1 लाखाचे हप्ता सुरू होईपर्यंत दीड लाख होतात आणि दहा वर्षं महिन्याला 1,980 जातात, तेच बिनव्याजी असेल तर 833. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 2024 ला मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत व्याजात 3 टक्के सवलत आहे, फक्त तुमचं कॉलेज त्यांच्या यादीत पाहिजे, ते आधी तपासा.

बँकवाले 80ई ची, म्हणजे एज्युकेशन लोनच्या व्याजावरची, टॅक्स सवलत पण सांगतात. अरे साडेतीन लाखांच्या पगारावर टॅक्सच बसत नाही, सवलत कशावर घेणार!

त्यापेक्षा एक करा, शिकत असतानाच महिन्याचं व्याज भरत चला. पहिल्या वर्षी ते 1,667 च असतं, चौथ्या वर्षी 6,667 पर्यंत जातं. घरच्यांना पूर्ण नाही जमलं तर निम्मं भरा. सगळं व्याज भरलंत तर 8 चे 8 लाखच राहतात आणि हप्ता 10,600 च्या आत येतो, काही बँका त्यासाठी दरात थोडी सूट पण देतात. लोन मंजुरीच्या सँक्शन लेटरवर सही करायच्या आधी ती सूट, दर फ्लोटिंग म्हणजे बदलता आहे की फिक्स, आणि आधी फेडलं तर दंड आहे का, एवढं लिहून घ्या.